पीळ पडलेली कडी: रेणूचा आकार प्रकाशाला डावं-उजवं कसं करतो

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे, वाचायला सोपं जावं म्हणून मधे छोटी शीर्षकं घातली आहेत.)



भर उन्हात खिशातून फोन काढला की पडदा नीट दिसत नाही. मग आपण काय करतो? ब्राइटनेस वर सरकवतो. पडदा दिसायला लागतो, पण बॅटरी भराभर उतरते. हा अनुभव सगळ्यांचाच आहे. पण फोन ओएलईडी पडद्याचा असेल, तर त्यात एक गंमत आहे. त्या पडद्यानं तयार केलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ अर्धा प्रकाश तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. तो पडद्याच्या आतच अडवला जातो, आणि तोही मुद्दाम.

का अडवतात, आणि एखादा रेणू वाकवून, पिळून ही नासाडी थांबवता येईल का, हे आज बघू. विषयाचं नाव जरा भारदस्त आहे: पीळ पडलेले कायरल अ‍ॅरोमॅटिक मॅक्रोसायकल्स. घाबरू नका, एकेक शब्द सोडवत जाऊ.

अर्धा प्रकाश कुठे जातो?

प्रकाश ही लहर आहे, हे शाळेत शिकलोय. ही लहर नुसती वर-खाली हलते असं नाही. कधी कधी ती पुढे जाता जाता स्क्रूच्या आट्यांसारखी गोल फिरत जाते. अशा प्रकाशाला वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश म्हणतात. स्क्रू जसा उजव्या आट्यांचा किंवा डाव्या आट्यांचा असतो, तसाच हा प्रकाशही उजवा किंवा डावा असतो.

ओएलईडी पडद्याच्या मागच्या बाजूला धातूचा चकचकीत थर असतो. बाहेरचं ऊन त्यावर पडून परत आलं, तर पडदा आरशासारखा चमकेल आणि काहीच दिसणार नाही. म्हणून वर एक खास फिल्म लावतात. ती बाहेरून येणाऱ्या प्रकाशाला, समजा, उजवा करून आत सोडते. आरशात आपला उजवा हात डावा दिसतो ना? तसंच धातूवरून परत फिरताना तो उजवा प्रकाश डावा होतो. आणि डाव्याला ही फिल्म बाहेर सोडत नाही. चमक गेली, काम फत्ते.

पण पडद्याच्या स्वतःच्या प्रकाशाचं काय? तो साधा, म्हणजे निम्मा डावा आणि निम्मा उजवा असा मिसळलेला असतो. त्यातला उजवा भाग बाहेर पडतो आणि डावा आत अडकतो. म्हणजे आपण वीज खर्चून प्रकाश तयार करायचा आणि त्यातला अर्धा फेकून द्यायचा.

आता समजा, पडद्यातला रेणू जन्मतःच फक्त उजवा प्रकाश देणारा असता, तर? फिल्म तीच, ऊन तेच, पण सगळा प्रकाश बाहेर. एवढ्यासाठी रसायनशास्त्रज्ञ रेणूंना पीळ घालत बसलेत. अर्थात, फक्त एवढ्यासाठी नाही. या गोष्टीची सुरुवात पडद्यांच्या फार आधी झाली आहे.

आधी सपाट कडं

अ‍ॅरोमॅटिक म्हटलं की पहिलं नाव बेंझीनचं. सहा कार्बन अणूंचं सपाट कडं. प्रत्येक कार्बनकडचा एक इलेक्ट्रॉन कुठल्या एका बंधाला बांधलेला नसतो, तो अख्ख्या कड्यावर पसरलेला असतो. असे सहा इलेक्ट्रॉन मिळून कड्याला एक खास स्थैर्य देतात.

सहाच का? १९३१ साली जर्मनीच्या एरिख ह्युकेलनं याचं गणित मांडलं. आपण ते चाळीच्या भाषेत बघू. अशी चाळ समजा, जिच्या तळमजल्यावर एकच खोली आहे आणि वरच्या प्रत्येक मजल्यावर दोन-दोन खोल्या. एका खोलीत दोनच भाडेकरू. खालून वर भरत गेलं, तर मजला पूर्ण भरतो तो कधी? २ झाले की, ६ झाले की, १० झाले की, १४ झाले की. हे भाडेकरू म्हणजे इलेक्ट्रॉन आणि मजले म्हणजे त्यांच्या ऊर्जेच्या पातळ्या. मजला पुरता भरला की रेणू समाधानी. ४ किंवा ८ इलेक्ट्रॉन असतील तर वरचा मजला अर्धवट राहतो आणि रेणू अस्वस्थ होतो. अशा अस्वस्थ सपाट कड्यांना अँटिअ‍ॅरोमॅटिक म्हणतात.

अस्वस्थ आहे म्हणजे बनवताच येत नाही, असं मात्र नाही. इथे आपल्या पुण्याचा उल्लेख करायलाच हवा. रक्तातल्या हीममध्ये पॉर्फिरिन नावाचं कडं असतं, त्याच्या मुख्य वाटेवर १८ इलेक्ट्रॉन मोजले जातात. आयसोफ्लोरिन हे त्याचंच भावंड, पण तिथे २० इलेक्ट्रॉन. पुण्याच्या आयसरमध्ये व्ही. जी. आनंद यांच्या गटानं २००८ मध्ये अशी सपाट आणि टिकाऊ आयसोफ्लोरिनं बनवून दाखवली. दोनच इलेक्ट्रॉनांचा फरक, पण कड्याचा स्वभाव पार उलटा.

आता त्याला अर्धा पीळ द्या

जवळ वर्तमानपत्र असेल तर दोन बोटं रुंदीची लांब पट्टी कापा. टोकं सरळ चिकटवली तर साधं कडं होतं. पण चिकटवण्याआधी एक टोक अर्धं फिरवलंत, तर मोबियस पट्टी तयार होते. १८५८ मध्ये मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांनी ती स्वतंत्रपणे शोधली. या पट्टीवरून बोट फिरवत निघालात, तर एक फेरी पूर्ण झाल्यावर तुम्ही त्याच जागी पण कागदाच्या मागच्या बाजूला असता. मूळ बाजूला यायला दुसरी फेरी मारावी लागते.

आता इलेक्ट्रॉनही लहरीसारखा वागतो. सपाट कड्यात त्याची लहर एक आवर्तन पूर्ण करून बरोबर समेवर येते. पीळ असलेल्या कड्यात मात्र एका आवर्तनानंतर ती उलटी होऊन येते, सम सापडते ती दुसऱ्या आवर्तनात. याचा परिणाम असा, की आपल्या चाळीचा नकाशाच बदलतो. तळमजल्यावरची एकटी खोली जाते आणि तळमजल्यापासूनच दोन-दोन खोल्या होतात. मग मजले कधी भरतात? ४ ला, ८ ला, १२ ला, १६ ला. म्हणजे सपाट कड्यात जे आकडे अशुभ होते, तेच पीळ दिल्यावर शुभ झाले!

हे १९६४ साली एडगर हाइलब्रोनर यांनी कागदावर दाखवलं. प्रत्यक्ष रेणू हातात यायला मात्र जवळजवळ चाळीस वर्षं गेली. का? कारण पीळ महाग पडतो. शेजारशेजारच्या अणूंवरचे इलेक्ट्रॉन-ढग एकमेकांना समांतर असले, की त्यांचं छान जुळतं. अर्ध्या पिळाचे १८० अंश सहा अणूंच्या कड्यात वाटले, तर प्रत्येक सांध्यावर ३० अंशांचा मुरगळा येतो. तेच २८ सांध्यांच्या कड्यात वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेसहा अंश. म्हणून कडं मोठं हवं, म्हणजेच मॅक्रोसायकल हवं. पण मोठं कडं लवचीक असतं, ते पीळ सोडून देऊन मोकळं व्हायला बघतं. लहान केलं तर ताण, मोठं केलं तर सैल. या कात्रीत हे काम अडकलं होतं.

२००३ मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या राइनर हेर्गेस यांच्या गटानं पीळ असलेलं १६ इलेक्ट्रॉनांचं कडं बनवलं. ते नेमकं किती अ‍ॅरोमॅटिक आहे, यावर नंतर वाद झाला. पुढे पॉर्फिरिनची मोठी भावंडं मदतीला आली. २००७ मध्ये पोलंडच्या लातोस-ग्राझिन्स्की यांच्या गटानं २८ इलेक्ट्रॉनांचं असं कडं दाखवलं, जे तापमान किंवा द्रावक बदलला की पीळ घेतं आणि सोडतं. २००८ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठातले अत्सुहिरो ओसुका आणि दक्षिण कोरियातले डाँग्हो किम यांनी हेक्साफिरिन या २८ इलेक्ट्रॉनांच्या कड्यात मोबियस अ‍ॅरोमॅटिकपणाचे भक्कम पुरावे दिले.

पुरावा कसला देणार? डोळ्यांनी तर दिसत नाही. दोन वाटा आहेत. पहिली, कडं चुंबकीय क्षेत्रात ठेवायचं. अ‍ॅरोमॅटिक कड्यात इलेक्ट्रॉनांचा प्रवाह एका दिशेनं फिरतो, अँटिअ‍ॅरोमॅटिकमध्ये उलट दिशेनं, आणि कड्याच्या आतल्या हायड्रोजनच्या एनएमआर संकेतावर ते लगेच उमटतं. दुसरी वाट रंगाची. अ‍ॅरोमॅटिक पॉर्फिरिन-भावंडं प्रकाश शोषतात तेव्हा आलेखावर एक उंच, टोकदार शिखर दिसतं. अँटिअ‍ॅरोमॅटिक असेल तर ते शिखर बसकं आणि पसरट होतं. पीळ पडल्यावर २८ इलेक्ट्रॉनांच्या कड्याचं शिखर पुन्हा टोकदार झालेलं दिसलं. म्हणजे नुसत्या आकारानं इलेक्ट्रॉनांचा हिशोब बदलला, आणि तो रंगात दिसला.

डावा पीळ, उजवा पीळ

आता 'कायरल' हा शब्द. पट्टीचं टोक तुम्ही उजवीकडे फिरवून चिकटवलंत आणि शेजारच्यानं डावीकडे, तर दोन वेगळी कडी होतात. एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब, पण कितीही फिरवलं तरी एकावर दुसरं बसत नाही. डाव्या-उजव्या पायाच्या चपलांसारखं. अशा वस्तूला कायरल म्हणतात. अर्ध्या पिळाचं कडं आपोआपच कायरल असतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

पण एक अडचण आहे. आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही. हेक्साफिरिनचा पीळ इतका हट्टी नाही! द्रावणात ते कडं सारखं वळवळत असतं, क्षणात डावं, क्षणात उजवं. सरासरी काढली तर दोन्ही सारखेच, म्हणजे प्रकाशाच्या दृष्टीनं शून्य. डाव्या-उजव्याचा फायदा हवा असेल, तर पीळ कायमचा अडकला पाहिजे.

हे साधलं जपानच्या नागोयात. केनिचिरो इतामी आणि यासुतोमो सेगावा यांच्या गटानं २०१७ मध्ये कार्बन नॅनोबेल्ट बनवला होता, म्हणजे बेंझीनची कडी एकमेकांना दोन्ही कडांनी जोडून केलेला पट्टा. २०२२ मध्ये त्यांनी त्याचाच मोबियस अवतार बनवला. यात पीळ एका जागी थांबत नाही, तो पट्ट्यावरून भराभर फिरत राहतो. पण उजव्याचा डावा मात्र होऊ शकत नाही, कारण त्यासाठी पट्टा कापून पुन्हा जोडावा लागेल. म्हणून डावे आणि उजवे रेणू एकमेकांपासून वेगळे काढता आले. इथे ती म्हण शंभर टक्के लागू पडते.

मग प्रकाश डावा-उजवा कसा होतो?

आता मुख्य मुद्दा. रेणू प्रकाश सोडतो तेव्हा त्याच्यातला इलेक्ट्रॉनांचा ढग एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो. या जाण्यात दोन प्रकारच्या हालचाली असतात. एक सरळ, या टोकाकडून त्या टोकाकडे. तिला विद्युत भाग म्हणू. दुसरी गोल, कड्याभोवती फेरी मारल्यासारखी. तो चुंबकीय भाग, कारण गोल फिरणारा विद्युतभार चुंबकासारखा वागतो. सरळ आणि गोल एकत्र केलं की काय होतं? स्क्रू! आणि स्क्रूसारखा इलेक्ट्रॉन हलला, की स्क्रूसारखा प्रकाश बाहेर पडतो.

पण नुसत्या दोन हालचाली असून भागत नाही, त्यांच्यातला कोन महत्त्वाचा. सपाट कड्यात सरळ हालचाल कड्याच्या पातळीत होते, आणि गोल हालचालीचा चुंबकीय अक्ष त्या पातळीला काटकोनात उभा असतो. काटकोन म्हणजे दोघांचा मेळ शून्य. म्हणून सपाट कडं कितीही सुंदर असलं, तरी ते डावा-उजवा भेद करत नाही. पीळ दिला की हे दोन अक्ष एकमेकांकडे झुकतात. पीळ हवा तो यासाठी.

हा भेद मोजायला एक आकडा आहे, जी-फॅक्टर. सगळा प्रकाश एकाच हाताचा असेल तर २ किंवा उणे २, आणि डावा-उजवा निम्मानिम्म असेल तर ०. बहुतेक साध्या कायरल सेंद्रिय रेणूंचा हा आकडा ०.००१ च्या आसपास घुटमळतो. त्याचा अर्थ, ४००० प्रकाशकणांपैकी २००१ एका हाताचे आणि १९९९ दुसऱ्या हाताचे. फरक फक्त दोन कणांचा! एवढ्यावर फोनची बॅटरी वाचत नाही.

टोकियो विद्यापीठातल्या हिरोयुकी इसोबे यांच्या गटानं २०१७ मध्ये या आकड्याला मोठी उडी मारायला लावली. त्यांनी क्रायसीन नावाच्या अ‍ॅरोमॅटिक रेणूचे चार तुकडे गोलाकार जोडले. तयार झाली एक कडक, नळीच्या कापासारखी रचना, जिच्यावर अणूंच्या रांगा तिरक्या जातात, स्क्रूच्या आट्यांसारख्या. इथे विद्युत आणि चुंबकीय, दोन्ही अक्ष नळीच्या मधल्या अक्षावर एकाच रेषेत येतात. जी-फॅक्टर मिळाला साधारण ०.१५. म्हणजे दर १००० कणांत सुमारे ५३८ एका हाताचे आणि ४६२ दुसऱ्या. साध्या रेणूच्या तुलनेत दीडशे पट सुधारणा.

मग घोडं कुठे अडलंय?

हिशोब प्रामाणिकपणे करू. १००० पैकी ५३८ म्हणजे ५०० च्या तुलनेत ३८ कण जास्त. प्रयोगशाळेत हा मोठा विजय आहे, पण पडद्यासाठी पुरेसा नाही. आणि आकडा वाढवण्यात एक मूलभूत पेच आहे.

जी-फॅक्टर ढोबळमानानं चुंबकीय भाग भागिले विद्युत भाग असा ठरतो. चुंबकीय भाग बहुतेक रेणूंत फार लहान असतो. आता रेणू तेजस्वी करायचा तर विद्युत भाग वाढवावा लागतो. पण तो भागाकारात खाली आहे! म्हणजे तेज वाढवलं की डावं-उजवं कमी होतं, आणि डावं-उजवं वाढवायला गेलं की तेज कमी होतं.

याचं टोकाचं उदाहरण युरोपियम या धातूच्या संयुगांत दिसतं. देवघरातल्या कापराच्या रेणूपासून बनवलेले कायरल घटक युरोपियमभोवती बसवले, तर जी-फॅक्टर १.३८ पर्यंत गेल्याची नोंद आहे. म्हणजे जवळजवळ ८५ टक्के प्रकाश एकाच हाताचा! पण तो शक्य होतो, कारण युरोपियमच्या त्या संक्रमणात विद्युत भागच मुळात नगण्य असतो. साहजिकच ते संक्रमण स्वतःहून मंद असतं.

इथे मोठी पिळलेली कडी वेगळी ठरतात. त्यांच्यात इलेक्ट्रॉनांना गोल फिरायला मोठा रस्ता मिळतो, त्यामुळे विद्युत भागाला हात न लावता चुंबकीय भाग वाढवता येतो. वरचा आकडा वाढवायचा, खालचा कापायचा नाही, हा तो मार्ग. म्हणून ०.१५ हा आकडा छोटा वाटला, तरी तो बरोबर दिशेनं आलेला आहे.

कड्यांचा आणखी एक विक्षिप्तपणा

जाता जाता एका श्रोत्यानं पाठवलेला प्रश्न घेतो: "कड्याचा आकार बदलला की रंग बदलतो का?" बदलतो, आणि आपल्या अपेक्षेच्या उलट बदलतो.

बेंझीनची सरळ साखळी लांब करत गेलो, तर साधारणपणे तिचा प्रकाश तांबड्या बाजूकडे सरकतो. पण २००८ मध्ये अमेरिकेत बर्कलीला रमेश जस्ती आणि कॅरोलिन बर्टोझी यांच्या चमूनं बेंझीनच्या साखळीचं गोल कडं बनवलं, आणि पुढच्या अभ्यासांत उलटंच चित्र दिसलं. १२ बेंझीनचं कडं निळा प्रकाश देतं आणि ८ चं कडं हिरवट. म्हणजे कडं लहान केलं की प्रकाश तांबड्याकडे सरकतो. फार लहान केलं, तर ते चमकायचंच थांबतं. कारण पुन्हा तेच: वाकवण्याचा ताण आणि कड्याची सममिती. त्यामुळे कुठल्या संक्रमणाला परवानगी आणि कुठल्याला मनाई, हे आकार ठरवतो.

थोडक्यात

रसायनशास्त्रात आपल्याला सवय असते ती 'कोणते अणू, किती अणू' असं विचारायची. ही कडी सांगतात, की 'ते अणू कसे वळवलेत' हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. तेवढेच २८ इलेक्ट्रॉन सपाट ठेवले तर अस्वस्थ, अर्धा पीळ दिला तर निवांत. तोच अ‍ॅरोमॅटिक तुकडा मोकळा असला तर डावा-उजवा भेद करत नाही, पण तिरक्या आट्यांच्या नळीत बसवला तर करतो.

फोनच्या पडद्यात असे रेणू यायला अजून बराच पल्ला आहे. ते मोठ्या प्रमाणावर बनवणं कठीण, डावे-उजवे वेगळे करणं खर्चिक, आणि ०.१५ चा आकडा २ च्या जवळ न्यायचा आहे. पण कुठल्या दिशेनं जायचं ते आता माहीत आहे: कडं मोठं, पीळ पक्का आणि दोन्ही अक्ष एका रेषेत.

आजच्यापुरतं इतकंच. काही अडलं असेल, तर प्रश्न जरूर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. आणि ती कागदाची मोबियस पट्टी बनवली असेल, तर एक काम करा. कात्रीनं ती मधोमध, लांबीच्या दिशेनं कापत जा. दोन कडी होतील असं वाटतं ना? कापून बघा, आणि घरातल्या मुलांना आधी अंदाज करायला सांगा.

भेटू पुढच्या भागात.